लेकाचं रक्त लष्कराच्या फ्रीझरमध्ये

पत्र:

नमस्कार,

मी गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत आहे. माहेर सातारा जिल्ह्यातलं. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. माझा मुलगा (वय 19) कॉलेज अर्धवट सोडून इथल्या आर्मीत भरती झाला. आजोबांचं वेड त्याच्यात उतरलं, असं सगळे कौतुकाने म्हणतात. मी धड हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

सध्या तो साउथ कॅरोलिनात फोर्ट जॅक्सनला ट्रेनिंगमध्ये आहे. फोनवर सहज बोलून गेला की बोटाला टोचून रक्ताचे थेंब एका कार्डावर घेतले, डीएनएसाठी. त्याला कुणी विचारलं नाही, रांग लावली आणि घेतलं. तेव्हापासून मला झोप नाही. माझ्या वडिलांना पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे किडनीत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार होता, शेवटची वर्षं डायलिसिसवर काढली. धाकट्या भावालाही तेच निघालं. मुलाला हे आम्ही नीट कधी सांगितलेलं नाही. उद्या लष्कराने ते कार्ड तपासलं आणि त्याला काढून टाकलं तर? शिवाय त्या रक्तात निम्मी मी आहे. मला कुणी विचारलं?

नवरा म्हणतो, तू उगाच घाबरतेस, मुलीने गेल्या दिवाळीत थुंकीची टेस्ट मागवून आपली वंशावळ काढली तेव्हा तू गप्प होतीस. मुलाला म्हणू का, की कार्ड परत माग? असं मागता येतं का?

– एक आई, एडिसन

उत्तर:

ताई,

कार्ड आत्ता परत माग, असं त्याला सांगू नका. मागून मिळणार नाही आणि ट्रेनिंगमधला पोरगा विनाकारण सार्जंटच्या नजरेत येईल. पण ते नष्ट करून मागायची वेळ पुढे नक्की येणार आहे. ती कधी, ते खाली सांगते.

नकार देऊन बघितलेली माणसं आहेत. 1995 साली अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या लष्करी तळातल्या दोन मरीन सैनिकांनी, जॉन मेफिल्ड आणि जोसेफ व्लाकोव्स्की यांनी, रक्त द्यायला नकार दिला. हे रक्त घेतात ते जवान मारला गेला तर ओळख पटवण्यासाठी, आणि त्याला त्यांची हरकत नव्हती. आपलं रक्त उद्या कुठल्या संशोधनात आणि कुणाच्या हातात जाईल याची हमी कुठे आहे, एवढंच ते विचारत होते. ते कोर्टात गेले, पण फेडरल न्यायाधीशांनी लष्कराची बाजू घेतली. इकडे हुकूम मोडला म्हणून कोर्ट मार्शल झालं आणि दोघं दोषी ठरले. शिक्षा मात्र किरकोळ: ठपक्याचं पत्र आणि काही दिवस तळाबाहेर जायला बंदी. वरच्या कोर्टात अपील पोचेपर्यंत दोघं नोकरीतून बाहेर पडले होते, त्यामुळे मूळ प्रश्नाचा निकाल तिथे लागलाच नाही. म्हणजे तुम्हाला पडलेला प्रश्न तीस वर्षांपूर्वी दोन शिपायांना पडला होता आणि अजून तो तसा अर्धवटच आहे.

आता ते कार्ड म्हणजे काय ते बघू. जाड टिपकागदासारखा कागद असतो, त्यावर रक्ताचे थेंब घेऊन वाळवतात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट हवाबंद पाकिटात घालतात आणि उणे 20 अंशाला ठेवून देतात. अशी पन्नास लाखांहून जास्त कार्डं अमेरिकी लष्कराकडे आहेत. कारभार डेलावेर राज्यातल्या डोव्हर हवाई तळावरच्या वैद्यकीय तपासणी विभागाकडे आहे. कार्ड आलं की लगेच कुणी त्यातला डीएनए वाचत बसत नाही. जवान मारला गेला आणि देह ओळखू येण्यासारखा उरला नाही, तर पाकीट उघडतात. तेव्हाही जी ओळखचाचणी होते, ती डीएनएवरच्या ठरावीक जागांचे तुकडे किती लांबीचे आहेत एवढं मोजते. त्यावरून किडनी कशी आहे हे कळत नाही.

तरीही तुमची भीती खुळी नाही. चाचणी मोजकंच वाचत असली तरी कार्डावर सगळं आहे. आज वाचत नाहीत म्हणजे कधीच वाचणार नाहीत असं नव्हे. पण ते बाजूला ठेवून आधी लष्कराची बाजू ऐका, कारण ती भक्कम आहे आणि त्यात एका आईचा मोठा वाटा आहे.

मायकल ब्लासी नावाचा हवाई दलातला लेफ्टनंट 11 मे 1972 रोजी दक्षिण व्हिएतनाममध्ये आन लोकजवळ विमानासकट पडला. काही महिन्यांनी तिथून मोजून सहा हाडं हाती आली. आधी त्यांवर 'बहुधा ब्लासी' अशीच नोंद होती. पुढे त्या काळच्या चाचण्यांत वय-उंची जुळेना म्हणून ती नोंद काढली आणि हाडांना नुसता क्रमांक दिला. 1984 साली तीच हाडं अध्यक्ष रेगन यांच्या उपस्थितीत आर्लिंग्टनला अज्ञात सैनिकाच्या स्मारकात समारंभाने पुरली. सगळा देश ज्याच्यापुढे नतमस्तक होत होता, त्याची आई सेंट लुइसला होती आणि तिला काही माहीत नव्हतं. कुटुंबाने पाठपुरावा केला तेव्हा मे 1998 मध्ये थडगं उघडलं. ब्लासीच्या आईचं आणि बहिणीचं रक्त घेतलं, कारण पेशीतल्या मायटोकाँड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो आणि जुन्या हाडांत तोच टिकून राहण्याची शक्यता जास्त असते. तो जुळला. त्या जुलैत त्याला गावच्या सैनिकी दफनभूमीत नेलं. आर्लिंग्टनची व्हिएतनामची कबर तेव्हापासून रिकामीच आहे, मुद्दाम रिकामी ठेवली आहे.

1991 च्या आखाती युद्धात मृतांची ओळख पटवताना अडचणी आल्या, तेव्हा प्रत्येकाचा नमुना आधीच घेऊन ठेवायचं ठरलं आणि 1992 पासून घेणं सुरू झालं. तुमच्या वडिलांच्या पिढीला गळ्यातला बिल्ला पुरत होता. काही वेळा अजूनही पुरतो. सियाचीनमध्ये 1984 साली हिमस्खलनात गाडले गेलेले कुमाऊँ रेजिमेंटचे लान्स नायक चंद्रशेखर हरबोला 2022 च्या ऑगस्टमध्ये सापडले आणि ओळख पटली ती बिल्ल्यावरच्या नंबरावरून, अडतीस वर्षांनी. पण डिसेंबर 2021 मध्ये कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर कोसळून पेटलं, तेव्हा काही मृतदेह डीएनए चाचणीशिवाय घरच्यांच्या ताब्यात देता आले नाहीत. चाचणी होईपर्यंत ती घरं खोळंबून राहिली. अशा वेळी जवळ कार्ड असलं तर घरच्यांच्या दंडात सुई टोचावी लागत नाही. नसलं तर लष्कर तुमच्या दारात येईल. तुमच्याच, ताई, त्याच्या वडिलांच्या आधी. कोरिया आणि व्हिएतनाममध्ये हरवलेल्यांच्या आईकडच्या नातेवाइकांकडून असे नमुने अजून गोळा करतात.

म्हणून घेण्याबद्दल माझी तक्रार नाही. घेतल्यानंतरच्या ठेवण्याबद्दल आहे, आणि ती चांगली जोरकस आहे.

पहिल्यांदा ठरलं होतं की नमुने 75 वर्षं ठेवायचे. विशीत भरती झालेला माणूस पंचाण्णव वर्षांचा होईपर्यंत! युद्धात कामी येण्यासाठी घेतलेलं रक्त त्या वयात कुणाच्या काय कामाचं, हे मला कुणी समजावून सांगावं. टीका झाली, त्या दोन मरीनचा खटला पेपरांत गाजला, तेव्हा 1996 मध्ये मुदत 50 वर्षांवर आली आणि सेवेचं बंधन संपल्यावर नष्ट करून मागायची सोय झाली. ही सोय वरून आपणहून आलेली नाही, हे लक्षात ठेवा. कुणीतरी नकार दिला म्हणून ती आली.

मग 2002 चा डिसेंबर. संरक्षण खात्याच्या वार्षिक कायद्यात एक कलम आलं: गंभीर किंवा लैंगिक गुन्ह्याच्या तपासात, न्यायाधीशांच्या आदेशाने, दुसरीकडून डीएनए मिळण्यासारखा नसेल तर या साठ्यातला नमुना वापरता येईल. अटी तशा कडक आहेत, हे मान्य. बलात्कार करणारा गणवेशाआड लपू नये, हेही मान्य. पण 1992 साली ज्याने बोट पुढे केलं, त्याला सांगितलं होतं की तू मेलास तर तुला घरी पोचवण्यासाठी हे घेतोय. दहा वर्षांनी त्याच थेंबाचा दुसरा उपयोग कायद्याने ठरला आणि त्याला कुणी परत विचारलं नाही. तिसरा उपयोग ठरवतानाही विचारणार नाहीत. 2010 साली संरक्षण खात्याच्या शास्त्रज्ञ सल्लागारांच्या एका गटाने सैनिकांची जनुकीय माहिती आणि त्यांच्या तब्येतीची माहिती मोठ्या प्रमाणावर एकत्र गोळा करावी अशी शिफारस केलीच होती. तो अहवाल या कार्डांबद्दल नव्हता, पण भूक कुठल्या दिशेला आहे ते त्यावरून समजतं.

'संमती' म्हणतात ती फौजेत मिळत नाही, असं एक उत्तर नेहमी येतं: शिपायाला कुठे बूट निवडता येतात, मग डीएनए कुठला निवडणार! हे मला पटत नाही. त्याच देशातल्या माजी सैनिकांच्या खात्याने 2011 पासून संशोधनासाठी रक्त गोळा करायला सुरुवात केली. तिथे फॉर्म देतात, समजावून सांगतात, नको असेल तर नको. 2023 पर्यंत दहा लाखांवर माजी सैनिकांनी राजीखुशीने रक्त दिलं. म्हणजे विचारलं तर माणसं देतात. ओळखीसाठी सक्ती असू दे, तिथे पर्याय ठेवला तर सगळा हेतूच बुडतो. पण त्यापलीकडचा प्रत्येक उपयोग विचारूनच व्हायला हवा, आणि माणूस सेवेतून मोकळा झाला की त्याचं कार्डही आपोआप मोकळं व्हायला हवं. आज ते आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. किती जणांना हे ठाऊक असतं? डिस्चार्जच्या दिवशी माणसाला घर दिसत असतं, फ्रीझर नाही.

आता किडनीचं. पत्रात तुम्ही हे दोन ओळींत उरकलंत, पण झोप उडाली आहे ती याच्यामुळे, कार्डामुळे नाही. म्हणून इथे जरा थांबते.

तुमच्या वडिलांना आणि भावाला होती, तशी मोठेपणी दिसणारी पॉलिसिस्टिक किडनी बहुतेक वेळा एका पालकाकडून थेट मुलाकडे जाते. शक्यता निम्मी. एक पिढी टाळून ती पुढे उडी मारत नाही. म्हणजे तुमच्या वडिलांची व्याधी मुलाकडे जायची तर ती तुमच्यामधूनच जायला हवी. तुमची स्वतःची सोनोग्राफी झाली आहे का? पत्रात त्याबद्दल चकार शब्द नाही. चाळिशी उलटल्यावर दोन्ही मूत्रपिंडांत गाठी दिसल्या नाहीत, तर हा आजार तुम्हाला नाही असं डॉक्टर जवळपास खात्रीने सांगू शकतात. आणि तुम्हाला नसेल तर मुलाच्या बाबतीतला तुमचा हा घोर तिथेच मिटला. ना कुठली जनुकीय चाचणी, ना लष्कर. लेकाच्या डीएनएची चिंता करणाऱ्या आईने स्वतःचं पोट तपासून घेतलेलं नसणं, हे आपल्याकडे इतकं सर्रास दिसतं की मला राग यायचाही कंटाळा आला आहे. या महिन्यात वेळ घ्या.

गाठी निघाल्याच, तर मुलाला सांगायचं. फोनवर नको, ट्रेनिंग संपून भेटेल तेव्हा. लष्कराला कळेल म्हणून लपवणं हा चुकीचा हिशोब आहे, कारण या आजारात रक्तदाब लवकर सांभाळला तर पुढची वर्षं बरी जातात आणि ते न कळल्याचं नुकसान त्याचं एकट्याचं आहे. भरतीच्या फॉर्मवर विचारलेलं खोटं सांगणं हा गुन्हा आहे. घरात कुणाला काय होतं हे मात्र त्याच्या स्वतःच्या निदानात मोडत नाही. उद्या निदान झालंच, तर कागद हलवण्याआधी त्याने लष्करातल्याच मोफत कायदा सल्ल्याच्या कार्यालयात जाऊन बसावं. त्याला तिथे दोन गोष्टी ऐकायला मिळतील. एक, नोकरीत आणि आरोग्य विम्यात जनुकांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा अमेरिकेचा 2008 चा कायदा सैनिकाच्या नोकरीला लागू नाही. आयुर्विम्यालाही नाही. दुसरी, आनुवंशिक आजार म्हणजे भरतीआधीपासूनचा आजार, असा युक्तिवाद अपंगत्व लाभ नाकारताना केला जातो, पण प्रत्यक्ष सेवेची आठ वर्षं पुरी झालेल्या सैनिकाच्या बाबतीत तो आजार सेवेतच जडला असं कायदा धरून चालतो. ही आठ वर्षं त्याने डोक्यात ठेवावीत.

तुमच्या वडिलांना हा वाद ओळखीचा वाटला असता. आपल्याकडेही पेन्शनच्या कागदावर 'आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेने बळावलेलाही नाही' हा शेरा मारून कित्येकांना परत पाठवलं आहे. 2013 मध्ये धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असं धरायचं, आणि तसं नसेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. आता विचार करा, भरतीच्या दिवशीच माणसाचा सगळा डीएनए वाचून ठेवला, तर 'नोंद नव्हती' असं म्हणायला जागा राहील का? साठ्यातले नमुने आजारासाठी वाचू नयेत, असं मी म्हणते ते म्हणून. गुप्ततेपेक्षा मला पेन्शनची जास्त काळजी आहे.

तुमच्या नवऱ्याचं बोलणं लागलं असेल तुम्हाला, पण ते बरोबर आहे. लष्कराचं कार्ड फ्रीझरमध्ये पडून आहे आणि न वाचलेलं आहे. तुमच्या मुलीची थुंकी मात्र वाचून झाली, तिची माहिती एका खासगी कंपनीच्या सर्व्हरवर चढली आणि मुलगी म्हणजे त्याची सख्खी बहीण. पेंटॅगॉनने डिसेंबर 2019 मध्ये आपल्या सैनिकांना अशा टेस्ट करू नका असं पत्र काढून बजावलं होतं. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातला कुप्रसिद्ध 'गोल्डन स्टेट किलर' पकडला गेला तो त्याच्या लांबच्या नातलगांनी हौसेने एका वंशावळीच्या संकेतस्थळावर चढवलेल्या डीएनएमुळे. तो पकडला गेला हे उत्तमच, पण त्या नातलगांना आपण काय करतोय याची कल्पना नव्हती. 2023 मध्ये अशाच टेस्ट करणाऱ्या ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीतून 69 लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मुलीने कुठल्याही कंपनीची टेस्ट केली असो, खात्यात जाऊन माहिती पुसायचा आणि नमुना नष्ट करायचा पर्याय शोधायला सांगा, आज संध्याकाळीच. वंशावळीचा निकाल हवा तर आधी उतरवून घ्या. सातारा सोडून तो फार लांब गेला नसणार.

'मला कुणी विचारलं?' याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. कुणी विचारायला नको होतं. तो सज्ञान आहे आणि रक्त त्याचं आहे. त्यात तुम्ही आहात, त्याचे वडील आहेत, किडनीवाले आजोबाही असतील, पण एवढ्यावर नकाराधिकार द्यायचा म्हटलं तर कुणाला साधी रक्ततपासणी करणं मुश्किल होईल. तुमच्या हातात आहे ते इतकंच की त्याला हे कळलेलं असावं. उद्या संशोधनासाठी कुणी त्याची सही मागितली, तर सही करण्याआधी तो घरी फोन करील, एवढं त्याच्याकडून मागा. ते मागणं रास्त आहे.

राहिला अर्ज. आर्मीचं बंधन साधारण आठ वर्षांचं असतं, त्यातली काही वर्षं प्रत्यक्ष नोकरी आणि उरलेली राखीव दलात. पहिला करार संपून तो घरी आला तरी राखीव वर्षं चालू असतात, आणि त्या काळात कार्ड नष्ट करून मिळत नाही. सगळं बंधन संपल्याचा कागद हातात आला की मगच डोव्हरच्या नमुना विभागाकडे लेखी अर्ज करायचा, नाव आणि सेवेच्या तारखा डिस्चार्जच्या कागदावर आहेत तशाच घालायच्या, आणि नष्ट केल्याचं लेखी उत्तर मागायचं. ते उत्तर येईपर्यंत पाठ सोडायची नाही. त्याच्या कागदपत्रांची फाइल घरी तुमच्याकडेच असणार, आयांकडेच असते. पहिल्या पानावर आजच चिकटवून ठेवा: 'डीएनए कार्ड, अर्ज बाकी'.